आर्गाइलचा वारस : तीन शपथा आणि एक शांत झोप

वाचनासाठी : स्तोत्रसंहिता १५, मत्तय ५:३३-३७, प्रेषितांची कृत्ये १२:१-११



पंधराव्या स्तोत्रात दाविदाने एक प्रश्न विचारला आहे : देवाच्या मंडपात कोण राहील? उत्तरादाखल तो काही लक्षणे देतो. त्यांतले एक लक्षण आपण नेहमी घाईने वाचून पुढे जातो. आपले नुकसान होत असले तरी जो दिलेला शब्द फिरवत नाही, तो माणूस देवाजवळ राहील. आज या एकाच ओळीवर मनन करू, आणि त्यासाठी स्कॉटलंडच्या इतिहासातील एका माणसाची गोष्ट पाहू. तो संत नव्हता. मोठ्या सरदार घराण्याचा वारस होता, राजकारणी होता, त्याचे हात सगळेच स्वच्छ नव्हते. तरीही शपथ म्हणजे काय हे त्याच्या आयुष्याने जितके स्पष्ट दाखवले, तितके फार थोड्यांच्या आयुष्याने दाखवले असेल.

स्कॉटलंड कशासाठी, असे कोणी विचारील. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले ते तिथूनच. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप तिथलेच. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि पुढे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री त्याच मिशनचे फळ. त्याच १८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली. मंडळीचे मस्तक ख्रिस्त आहे, सरकार नव्हे, हा तिथला वादाचा मुद्दा होता, आणि विल्सन व त्यांचे सोबती फ्री चर्चबरोबर गेले. तो मुद्दा मात्र १८४३ चा नव्हता. त्यासाठी दीडशे-दोनशे वर्षे आधी रक्त सांडले होते. आपली गोष्ट त्या काळातली आहे.

मोठ्या घरचा थोरला मुलगा

आर्चिबाल्ड कॅम्पबेल याचा जन्म १६२९ सालचा. त्याचे वडील आर्गाइलचे अर्ल, पुढे मार्क्विस. पश्चिम स्कॉटलंडच्या डोंगरांत आणि बेटांवर कॅम्पबेल घराण्याची सत्ता एखाद्या संस्थानिकासारखी होती. त्यांच्या हाकेसरशी हजारो माणसे हत्यार घेऊन उभी राहत. या घराच्या थोरल्या मुलाला ‘लॉर्ड लॉर्न’ म्हणत. डोंगराळ भागाच्या रीतीप्रमाणे त्याला लहानपणी ग्लेनॉर्कीच्या नातेवाइकांकडे वाढायला ठेवले होते. तरुणपणी तो फ्रान्स आणि इटलीत फिरून आला.

तो नऊ वर्षांचा असताना, १६३८ साली, एडिंबरा येथे ‘राष्ट्रीय करार’ लिहिला गेला. राजा पहिला चार्ल्स याने मंडळीवर स्वतःची प्रार्थनापद्धती लादली होती. त्याविरुद्ध सरदार, पाळक, व्यापारी आणि सामान्य लोक यांनी देवासमोर शपथ घेऊन सह्या केल्या. ‘करार’ हा शब्द त्यांनी पवित्र शास्त्रातूनच उचलला होता. लवकरच लॉर्नचे वडील या पक्षाचे सर्वांत बलाढ्य पुढारी झाले. म्हणजे या मुलाला वारशाने जमीन, किल्ले आणि माणसे मिळणार होती, आणि त्यांबरोबर एक शपथही.

पहिली शपथ : राजाची

जानेवारी १६४९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने राजाचा शिरच्छेद केला. स्कॉटलंडने त्याच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, बोलावून घेतले, पण करारावर सही केल्याशिवाय राज्य नाही, अशी अट घातली. चार्ल्सचा त्या करारावर काडीचाही विश्वास नव्हता. तरी जून १६५० मध्ये किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी त्याने शपथ घेतली. १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन येथे त्याचा राज्याभिषेक झाला, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो लॉर्नच्या वडिलांनी. लॉर्न स्वतः राजाच्या पायदळ रक्षकांचा कप्तान होता. वय एकवीस.

त्या दिवशी प्रवचन झाले, स्तोत्रे गायिली गेली, शपथा घेतल्या गेल्या. शपथ देणाऱ्यांना ती खोटी असावी अशी शंका होती आणि घेणाऱ्याला तर खात्रीच होती. तरीही विधी नीट पार पडला. अशा गोष्टी फक्त राजवाड्यात होत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी शपथ : नाकारलेली

त्याच वर्षी चार्ल्सचा पराभव झाला, तो परदेशी पळाला आणि स्कॉटलंड क्रॉमवेलच्या सैन्याखाली आले. वडिलांनी परिस्थिती पाहून जुळवून घेतले. मुलगा मात्र १६५३ मध्ये राजाच्या बाजूने बंड करणाऱ्यांना डोंगरात जाऊन मिळाला. बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या. घर दोन्हीकडून सुरक्षित राहावे म्हणून ही वाटणी केली असावी, असा संशय तेव्हाही घेतला गेला. पण त्या बंडात लॉर्नचे सहकाऱ्यांशी भांडण झाले, बंड फसले आणि शेवटी त्याला शरण यावे लागले.

मग १६५७ साली त्याच्यापुढे शपथ ठेवण्यात आली : स्टुअर्ट राजघराण्याशी आपला काही संबंध नाही असे शपथेवर सांग. त्याने नकार दिला आणि तुरुंगात गेला. एडिंबराच्या किल्ल्यात कैदेत असताना खेळातला एक जड गोळा उसळून त्याच्या डोक्याला लागला. कवटी फुटली. त्या काळच्या शल्यवैद्यांनी कवटीला भोक पाडून उपचार केले आणि तो कसाबसा वाचला. ज्या राजाने स्वतःची शपथ कधीच मनावर घेतली नव्हती, त्या राजासाठी हा माणूस आपला शब्द मोडायला तयार नव्हता.

१६६० मध्ये चार्ल्स गादीवर परत आला. लॉर्नचे लंडनमध्ये चांगले स्वागत झाले, म्हणून वडीलही मागोमाग गेले. त्यांना मात्र भेटही न देता पकडून टॉवरमध्ये टाकले. क्रॉमवेलशी हातमिळवणी केल्याच्या आरोपाखाली एडिंबरा येथे खटला चालला. वडिलांनी पूर्वी लिहिलेली पत्रे जनरल मंक याने ऐन वेळी पुराव्यासाठी पाठवून दिली. २७ मे १६६१ रोजी ‘मेडन’ म्हणजे ‘कुमारी’ या नावाच्या शिरच्छेद यंत्राखाली मार्क्विसचा अंत झाला. मुकुट ज्याने घातला, त्याचेच मस्तक शहराच्या तुरुंगावर खिळ्याला टोचून ठेवले गेले. ते १६६४ पर्यंत तिथेच होते.

पुढच्याच वर्षी लॉर्नचे एक खाजगी पत्र शत्रूंच्या हाती लागले. दरबारात आपल्याविरुद्ध खोटे सांगितले जाते, एवढीच त्यात तक्रार होती. पण राजा आणि प्रजा यांच्यात वितुष्ट आणणारी भाषा हा स्कॉटलंडच्या कायद्यात देहान्ताचा गुन्हा होता. त्याला मृत्युदंड सुनावला गेला. शिक्षा अमलात आली नाही. १६६३ मध्ये तो सुटला आणि वडिलांची जमीन व अर्ल ही पदवी त्याला परत मिळाली. मार्क्विस ही वरची पदवी मिळाली नाही.

अठरा शांत वर्षे

इथे थोडे थांबू, कारण आपल्यासारख्या माणसांची खरी परीक्षा अशाच वर्षांत होते.

अर्ल आता चौतीस वर्षांचा होता. घर परत मिळाले होते, पण वडिलांच्या वेळचे मोठे कर्ज डोक्यावर होते. शेजारच्या मक्लीन घराण्याची येणी त्याने वसूल करायला घेतली, आणि ती वसुली शेवटी सशस्त्र माणसे पाठवून मल बेट ताब्यात घेण्यापर्यंत गेली. कायदा त्याच्या बाजूने होता. दया होती असे म्हणता येत नाही.

याच वर्षांत सरकारने जुना करार बेकायदा ठरवला होता. मंडळीवर पुन्हा बिशप नेमले गेले. ज्या पाळकांनी ते मानले नाही ते बाहेर पडले आणि लोक डोंगरात, माळावर उपासनेला जमू लागले. १६७० च्या कायद्याने अशा उघड्यावरच्या सभेत उपदेश करणाऱ्याला देहान्ताची शिक्षा ठरवली. आर्गाइल राजाच्या सल्लागार मंडळात बसत होता. तो या छळाचा पुढारी नव्हता, पण ज्या टेबलाभोवती हे हुकूम निघत तिथे त्याची खुर्ची होती. ज्यांच्या करारासाठी त्याचे वडील लढले, तेच लोक माळावर भिजत होते आणि वारस सभागृहात होता. ही गोष्ट लोक विसरले नाहीत, हे पुढे दिसेल.

तिसरी शपथ : एका अटीसह

१६८१ साली राजाचा भाऊ जेम्स, यॉर्कचा ड्यूक, राजाचा प्रतिनिधी म्हणून एडिंबरा येथे होता. तो कॅथलिक होता आणि गादीचा वारसही. पार्लमेंटने ‘टेस्ट’ नावाचा कायदा केला : प्रत्येक अधिकाऱ्याने शपथ घ्यावी. गंमत अशी की ती शपथ स्वतःशीच भांडत होती. एका भागात स्कॉटलंडचा जुना विश्वासाचा जाहीरनामा मान्य करायचा होता, ज्यात मंडळीचे एकमेव मस्तक ख्रिस्त आहे असे म्हटले होते. दुसऱ्या भागात मंडळीच्या सर्व बाबतींत राजाच सर्वश्रेष्ठ आहे असे कबूल करायचे होते. दोन्ही एका दमात खरी मानणार तरी कशी? देशाचे मोठे न्यायाधीश स्टेअर यांना पद सोडावे लागले. बिशपांच्या बाजूच्या अनेक पाळकांनाही ही शपथ गिळवेना. शिवाय राजाच्या भावाला आणि मुलांना शपथेतून सूट होती. त्या सुटीविरुद्ध आर्गाइल पार्लमेंटमध्ये बोलला होता, आणि जेम्सने ते लक्षात ठेवले होते.

नोव्हेंबरात त्याची पाळी आली. इतर बहुतेकांनी डोळे मिटून शपथ घेतली. आर्गाइलने शपथ घेतली, पण मोठ्याने एक वाक्य जोडले : ही शपथ जितपत स्वतःशी आणि प्रॉटेस्टंट विश्वासाशी सुसंगत आहे तितपत मी ती घेतो, आणि मंडळीच्या व राज्याच्या हितासाठी कायदेशीर मार्गाने बदल इच्छिण्यास मी स्वतःला बांधून घेत नाही.

जेम्सने ते ऐकून घेतले आणि त्याला आपल्याजवळ बसू दिले. थोड्याच दिवसांत अर्ल किल्ल्यात कैद होता आणि त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप होता.

१२ डिसेंबर १६८१ रोजी खटला उभा राहिला. सरकारी वकील जॉर्ज मॅकेंझी हा वीस वर्षांपूर्वी याच कैद्याच्या वडिलांचा बचाव करणारा तरुण वकील होता. निकाल देणाऱ्या पंचांचा प्रमुख मॉन्ट्रोजचा मार्क्विस होता, म्हणजे कॅम्पबेल घराण्याच्या सर्वांत कडव्या वैऱ्याचा नातू. निकाल दोषी असाच आला. इंग्लंडमधील लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी राजाला सांगितले म्हणतात की, स्कॉटलंडचा कायदा मला कळत नाही, पण आमच्या कायद्याने एवढ्या कारणावरून कुत्र्यालाही फाशी दिली नसती.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की तुमचे होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही असावे. मग आर्गाइलचे ‘जितपत’ या आज्ञेत बसते का? मला वाटते, बसते. त्याने मनातल्या मनात अट घालून तोंडाने पूर्ण शपथ घेतली असती, तर कोणालाच काही कळले नसते. चार्ल्सने १६५० मध्ये तेच केले होते आणि त्याला राज्य मिळाले. आर्गाइलने मनातली अट ओठांवर आणली आणि त्याला मृत्युदंड मिळाला. शपथ निर्दोष नव्हती, पण ती ऐकणाऱ्याला तो फसवत नव्हता.

आणि हेही खरे की त्याने शपथ सरळ नाकारली नाही. पद, घर, मुले, कर्ज हे सगळे त्याच्या डोळ्यांपुढे असणार. त्याला राजाही हवा होता आणि विवेकही. अशी ओढाताण आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही?

एका मुलीचे धैर्य

खटल्यानंतर आठ दिवसांनी, २० डिसेंबरच्या रात्री, त्याची सावत्र मुलगी लेडी सोफिया लिंडसे निरोप घ्यायला किल्ल्यात आली. परत जाताना तिच्या झग्याचा लांब पदर हातात धरून मागून एक नोकर चालत होता. तो नोकर म्हणजे अर्ल. असे सांगतात की पहारेकऱ्याने संशयाने त्याचा दंड धरला तेव्हा घाबरून त्याच्या हातून पदर चिखलात पडला. सोफियाने प्रसंग ओळखला, चिखलाने माखलेला तोच पदर त्याच्या तोंडावर मारला आणि वेंधळा म्हणून त्याला झापले. पहारेकरी हसले आणि दार उघडले. अर्ल लंडनमार्गे हॉलंडला पोहोचला.

मोठ्या माणसांच्या इतिहासात अशा मुलींची नावे एका ओळीत येतात. पण साडेतीन वर्षांचे आयुष्य त्याला तिने दिले. तिची आई ॲना मॅकेंझी, म्हणजे अर्लची दुसरी पत्नी, हिनेही नवऱ्याच्या परागंदा काळात फार सोसले. किंमत इतरांनीही दिली. १६८४ मध्ये त्याच्या गुप्त पत्रव्यवहारासाठी विल्यम स्पेन्स आणि पाळक विल्यम कारस्टेअर्स यांचा अंगठे चिरडणाऱ्या यंत्राने छळ झाला.

फसलेली मोहीम

फेब्रुवारी १६८५ मध्ये चार्ल्स वारला आणि जेम्स राजा झाला. मे महिन्यात आर्गाइल तीन जहाजे आणि सुमारे तीनशे माणसे घेऊन हॉलंडहून निघाला. दक्षिणेत इंग्लंडमध्ये मॉनमथचा ड्यूक उठाव करणार, उत्तरेत आर्गाइल, असा बेत होता.

बेत पहिल्यापासून बिघडत गेला. ऑर्कनी बेटांवर उतरलेले दोघे जण पकडले गेले आणि सरकार सावध झाले. सोबतच्या सरदारांनी एका समितीचा आग्रह धरला आणि प्रत्येक निर्णयावर वाद घातला. स्वतःच्या मुलखातही अपेक्षेइतकी माणसे जमली नाहीत. आणि माळावर उपासना करणारे, करारासाठी सर्वस्व दिलेले ते कडवे लोक? ते आलेच नाहीत. सल्लागार मंडळातल्या त्या खुर्चीवर बसलेला माणूस त्यांना आठवत होता. अठरा वर्षांच्या मौनाची वसुली एका महिन्यात झाली.

जूनमध्ये रात्रीच्या वाटचालीत सैन्य दलदलीत वाट चुकले आणि पांगले. १८ जूनला इंचिनन येथे नदी ओलांडताना, शेतकऱ्याच्या वेषातला आर्गाइल पकडला गेला. त्याला उघड्या डोक्याने, हात बांधून, एडिंबराच्या रस्त्यांतून नेले. सोबत्यांची नावे सांगून जीव वाचवण्याचा मार्ग त्याने घेतला नाही.

नवा खटला झालाच नाही. राजाचा हुकूम होता की १६८१ चीच शिक्षा अमलात आणावी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो बंडासाठी मेला नाही. तो त्या एका ‘जितपत’ साठी मेला.

३० जून १६८५ ची दुपार

शेवटच्या दिवशी त्याने पत्नीला आणि सोफियाला पत्रे लिहिली. दुपारी जेवण केले आणि नेहमीच्या सवयीप्रमाणे थोडा वेळ झोपला. त्या वेळी सल्लागार मंडळातला एक जण भेटायला आला. पहारेकऱ्याने सांगितले, अर्ल झोपले आहेत. त्याचा विश्वास बसेना, म्हणून दार किंचित उघडून दाखवले. बेड्या घातलेला माणूस शांत झोपलेला होता. तो पाहुणा तसाच घाईने बाहेर पडला आणि घरी जाऊन अस्वस्थपणे पडून राहिला. ज्याला मरायचे होते तो झोपला होता, आणि ज्याने मारायला संमती दिली होती त्याची झोप उडाली होती. पुढे एडवर्ड मॅथ्यू वॉर्ड या चित्रकाराने या प्रसंगाचे चित्र काढले. ते लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीत आहे.

संध्याकाळ होण्यापूर्वी तो त्याच मेडनखाली गेला, जिच्याखाली चोवीस वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले होते. सर्वांना त्याने क्षमा केली. ते यंत्र आजही एडिंबराच्या संग्रहालयात आहे.

वधस्तंभावरून तो इतर पंथांविषयी कडवट बोलला, हे लपवण्यात अर्थ नाही. तो काळ दोन्ही बाजूंनी निर्दयी होता. आज एकाच गावात वेगवेगळ्या मंडळ्यांत बसणारे आपण त्याचा कडवटपणा वारशाने घेण्याची गरज नाही. घ्यायची असेल तर त्याची ती झोप घ्यावी.

मननासाठी

प्रेषितांच्या कृत्यांतील बाराव्या अध्यायात पेत्रही असाच झोपला आहे, दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला, आणि सकाळी हेरोद त्याला बाहेर काढणार आहे. देवदूताला त्याच्या कुशीवर मारून त्याला उठवावे लागते. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला याकोब तलवारीने मारला गेला आहे. त्याच्यासाठी देवदूत आला नाही. आर्गाइलच्या आयुष्यात दोन्ही झाले. १६८१ मध्ये दार उघडले, १६८५ मध्ये उघडले नाही. दोन्ही वेळा देव तोच होता.

आपल्यापुढे कोणी मेडन ठेवत नाही. पण शपथा आपणही घेतो. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप आणि मंडळी, लग्नाच्या वेदीपुढे नवरा-बायको, वडील म्हणून निवड झाल्यावर हात ठेवताना, कोर्टात स्टॅम्प पेपरवर, नोकरीच्या फॉर्मवर. त्यांतल्या किती आपण चार्ल्ससारख्या घेतो, म्हणजे काम व्हावे म्हणून? आणि किती वेळा आपण आर्गाइलच्या त्या अठरा वर्षांसारखे चुकीच्या टेबलाशी गप्प बसतो, नुकसान नको म्हणून?

दाविदाने स्तोत्रात नुकसानाचा उल्लेख मुद्दाम केला असावा. ज्या शब्दाची किंमत द्यावी लागत नाही, तो पाळणे कोणालाही जमते.

प्रार्थना : हे देवबापा, आमच्या ओठांत आणि मनात अंतर पडू देऊ नकोस. जिथे आम्ही भीतीने गप्प बसलो, तिथे आम्हांला क्षमा कर. दिलेला शब्द महाग पडेल तेव्हा तो पाळण्याचे बळ दे, आणि रात्री शांत झोप दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.